सायकायट्रिस्टऐवजी नर्स प्रॅक्टिशनर: अमेरिकेत मानसोपचार सुरू करताना काय, कोणत्या क्रमाने करावं

अमेरिकेत सायकायट्रिस्टची वेळ मागायला फोन केला की बऱ्याच ठिकाणी तारीख काही महिन्यांनंतरची मिळते. लगेच पुढचं वाक्य येतं, ‘आमच्या नर्स प्रॅक्टिशनरची वेळ पुढच्या आठवड्यात आहे.’ इथे मराठी घरांत दोन टोकं दिसतात. काही जण ‘नर्स काय औषध देणार?’ म्हणून नकार देतात आणि मग महिनोन्‌महिने काहीच करत नाहीत. काही जण कसलीही चौकशी न करता हो म्हणतात आणि तिसऱ्या भेटीत त्यांना कळतं, की हवं असलेलं औषध या राज्यात ही व्यक्ती लिहूनच देऊ शकत नाही. खालचा क्रम पाळला तर दोन्ही टळतं.

सावधान: जीव द्यायचे विचार ठाम झाले असतील, भास होत असतील, किंवा कित्येक रात्री झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ९८८ या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करा (फोनवर दुभाषा मागता येतो), किंवा थेट इमर्जन्सी रूम गाठा. जीव धोक्यात असेल तर ९११.

टप्पा १: तुमचं काम इथे होणारं आहे का, ते ठरवा

सायकायट्रिक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पीएमएचएनपी, आधी रजिस्टर्ड नर्स असतात. त्यावर मास्टर्स किंवा डॉक्टरेट, आणि मग मानसोपचाराची वेगळी प्रमाणपत्र परीक्षा. त्या निदान करतात, औषधं लिहून देतात, रक्ततपासण्या सांगतात. सायकायट्रिस्टचं मेडिकल कॉलेज चार वर्षांचं आणि वर रेसिडेन्सी चार वर्षांची. परीक्षेला बसण्यासाठी नर्स प्रॅक्टिशनरना (एनपींना) लागणारे क्लिनिकल तास काही शेंच्या घरात असतात. हा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण नैराश्य, चिंता, पॅनिक, निद्रानाश, नेहमीचा एडीएचडी (लक्ष न लागणं, चंचलपणा), किंवा बसलेली औषधं पुढे चालू ठेवणं या कामांत अनुभवी एनपी पुरेशा असतात आणि अनेकदा वेळही जास्त देतात.

थेट सायकायट्रिस्ट शोधावा अशा स्थिती: पहिल्यांदाच भास किंवा भ्रम होणं, उन्मादाचा मोठा झटका येऊन गेलेला असणं, लिथियम किंवा व्हॅलप्रोएट (मनाचे चढउतार आवरणारी औषधं) चालू असताना गरोदर राहणं किंवा तसा विचार असणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांचं व्यसन सोडायचं असणं, आणि मानसिक आजाराच्या जोडीला अपस्मार, पार्किन्सनसारखा आजार असणं. इथे रांग लांब असली तरी नाव नोंदवून ठेवा. मधल्या काळापुरतं एनपींकडे जायला हरकत नाही.

फक्त बोलायचं असेल, औषध नको असेल, तर तुम्हाला थेरपिस्ट हवा. एनपींच्या फॉलो-अप भेटी बहुधा १५ ते ३० मिनिटांच्या असतात, त्यात मन मोकळं होत नाही. बरेच जण इथे चुकतात आणि ‘तिने ऐकूनच घेतलं नाही’ म्हणून उपचारच सोडून देतात.

टप्पा २: लायसन्स, प्रमाणपत्र आणि राज्याचा नियम तपासा

यात फार वेळ जात नाही, तरी कोणी करत नाही.

पहिली गोष्ट, नावापुढची अक्षरं. पीएमएचएनपी-बीसी असेल तर मानसोपचाराचं प्रमाणपत्र आहे. फक्त एफएनपी असेल तर ती फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर. तिचं मूळ शिक्षण मानसोपचाराचं नाही. क्लिनिकच्या वेबसाइटवर दोघींनाही ‘मेंटल हेल्थ प्रोव्हायडर’ म्हटलेलं असतं, म्हणून वेबसाइटवर विसंबू नका. एनपीआय रजिस्ट्रीत, म्हणजे डॉक्टर-नर्सना मिळणाऱ्या राष्ट्रीय ओळख क्रमांकांच्या ऑनलाइन यादीत, नाव टाका. तिथे टॅक्सॉनॉमीच्या रकान्यात ‘सायकायट्रिक/मेंटल हेल्थ’ दिसलं पाहिजे, ‘फॅमिली’ नव्हे. लायसन्स चालू आहे का आणि काही शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते नर्सिस या संकेतस्थळावर फुकट दिसतं. तिथे नाव मिळालं नाही तर राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या साइटवर.

दुसरी गोष्ट, राज्य. वॉशिंग्टन, ओरेगन, ॲरिझोना, कोलोराडो इथे एनपी स्वतंत्रपणे काम करू शकतात. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांच्या अनुभवानंतर तशी मुभा मिळते. टेक्सासमध्ये मात्र औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरशी लेखी करार लागतो. शिवाय तिथल्या एनपी शेड्यूल-२ ची (व्यसन लागू शकतं म्हणून कडक नियंत्रण असलेली) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिस (अखेरच्या काळातली सेवा) यांच्याबाहेर लिहून देऊ शकत नाहीत. ॲडरॉल, व्हायव्हान्स, रिटालिन ही एडीएचडीची औषधं सगळी शेड्यूल-२ मध्ये येतात. डॅलस-ह्यूस्टनकडे एडीएचडीसाठी एनपींची वेळ घेणाऱ्यांनी हे आधी विचारायलाच हवं. नाहीतर पूर्ण तपासणीचे पैसे भरून शेवटी ‘औषधासाठी आमच्या डॉक्टरांना भेटा’ असं ऐकावं लागतं.

टप्पा ३: फोन करताना नेमकं काय विचारायचं

चार प्रश्न पुरतात.

१. माझ्या वयोगटावर आणि या तक्रारीवर त्या उपचार करतात का? (मुलांसाठी आणि सत्तरीपुढच्या आई-वडिलांसाठी हा प्रश्न सर्वात आधी.)

२. सोबत कोणी सायकायट्रिस्ट आहे का, आणि अवघड केसमध्ये त्यांच्याशी चर्चा होते का? ‘हो, कागदावर आहेत’ आणि ‘दर आठवड्याला बसून बोलतो’ या दोन उत्तरांत फार अंतर आहे.

३. दोन भेटींच्या मध्ये काही त्रास झाला तर निरोप कुठे ठेवायचा आणि उत्तर किती वेळात येतं?

४. नियंत्रित औषधांबाबत क्लिनिकचं धोरण काय? काही ठिकाणी अल्प्राझोलाम (चिंतेवरची, सवय लागू शकणारी गोळी) किंवा एडीएचडीची औषधं दिलीच जात नाहीत. ऑनलाइन क्लिनिक असेल तर प्रत्यक्ष भेट लागते का, हेही विचारा. या बाबतीतली कोविडकाळातली सवलत वेळोवेळी वाढवली गेली आहे, पण प्रत्येक क्लिनिक ती वापरतंच असं नाही.

पैशांचं क्लिनिकला विचारू नका, इन्शुरन्सला विचारा. कार्डाच्या मागे ‘बिहेव्हियरल हेल्थ’साठी बऱ्याचदा वेगळा नंबर असतो, कारण ते काम दुसऱ्या कंपनीकडे दिलेलं असतं. त्यांना क्लिनिकचं नाव नको, त्या एनपींचा एनपीआय नंबर द्या. क्लिनिक नेटवर्कमध्ये आणि व्यक्ती बाहेर, असं होतं. पहिल्या भेटीचा कोड बहुधा ९०७९२, पुढच्या भेटींचे ९९२१३ किंवा ९९२१४. बोलण्याची थेरपी जोडली तर त्यावर ९०८३३ हा कोड आणखी लागतो. हे कोड वाचून दाखवा आणि प्रत्येकाचे तुम्हाला किती भरावे लागतील ते विचारा. कंपनीचा हाय-डिडक्टिबल प्लॅन असेल तर जानेवारीत तीच भेट कितीतरी पटीने महाग पडते, कारण डिडक्टिबल भरेपर्यंत सगळं खिशातून जातं. इन्शुरन्स न वापरता रोख देणार असाल तर अंदाजपत्रक लेखी मागा. २०२२ पासून तो तुमचा हक्क आहे.

टप्पा ४: भेटीआधीची तयारी

भेट कशी होणार ते इथेच ठरतं. समोरच्या व्यक्तीला मनाचा एक्स-रे काढता येत नाही. तुम्ही जे सांगाल त्यावरच निदान होणार.

*औषधांचा कागद.* पूर्वी घेतलेलं आणि आत्ता चालू असलेलं, सगळं एका पानावर. औषधाचं मूळ नाव लिहा, ब्रँड नको. ‘नेक्सिटो’ म्हटलं तर अमेरिकेत कोणाला कळणार नाही, ‘एसिटालोप्रॅम’ कळेल. नोंद अशी हवी:

‘एसिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम, रोज सकाळी, मार्च ते ऑगस्ट २०२३. झोप सुधारली, रडू कमी झालं. कामेच्छा गेली म्हणून स्वतःच एकदम बंद केलं. चार दिवसांनी चक्कर, डोक्यात झटके बसल्यासारखं.’

या एका नोंदीत मात्रा, काळ, फायदा, त्रास आणि बंद करण्याची पद्धत असं सगळं आलं. ‘पूर्वी एक गोळी घ्यायचे, काही उपयोग झाला नाही’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. तीन आठवडे घेऊन सोडलेलं औषध ‘अपयशी’ धरलं जातं आणि चांगला पर्याय यादीतून उगाच कटतो.

भारतातून आणलेल्या गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. तिकडे एसिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. अमेरिकेत तशी गोळी नाही. अनेकांना आपण क्लोनाझेपाम घेतोय हेच माहीत नसतं. अमिसल्प्राइड या भारतात मिळणाऱ्या मानसोपचाराच्या गोळीला अमेरिकेत मान्यता नाही, तेव्हा रिफिल मिळणार नाही, पर्याय शोधावा लागेल. एटिझोलाम ही चिंतेवरची गोळी तर २०२३ पासून शेड्यूल-१ मध्ये, म्हणजे सर्वात कडक बंदीच्या यादीत आहे, म्हणजे सोबत आणणंसुद्धा अडचणीचं.

सावधान: क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, एटिझोलाम रोज घेत असाल तर ‘इथे मिळत नाही’ म्हणून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. हळूहळू कमी करण्याचा आराखडा एनपींकडून घ्या, आणि तोवर किती घेता ते खरं सांगा.

*काढे, चूर्णं, गोळ्या.* ‘ते काय, आयुर्वेदिक आहे’ म्हणून बहुतेक जण सांगतच नाहीत. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते आणि थायरॉइडच्या आकड्यांवर परिणाम होऊ शकतो. सर्पगंधेत रेझरपिन असतं. त्याने रक्तदाब उतरतो आणि मन खचू शकतं. सेंट जॉन्स वर्ट हे दुकानात सहज मिळणारं झाड-औषध नैराश्याच्या गोळ्यांबरोबर घेतलं तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. भस्मं घेत असाल तर तेही लिहा, कारण काहींत शिसं सापडलेलं आहे आणि मग रक्तातलं शिसं तपासावं लागतं.

*घरचा इतिहास.* आपल्याकडे हे आडवळणाने सांगतात: काका ‘जरा विक्षिप्त होते’, आत्या ‘विहिरीत पाय घसरून गेली’, आजोबा ‘एकदा सगळं विकून निघून गेले होते’. आईला किंवा मावशीला फोन करून नीट विचारून घ्या. रक्ताच्या नात्यात बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य), आत्महत्या किंवा व्यसन होतं का, आणि कोणाला कोणतं औषध लागू पडलं? स्वतःबद्दलही आठवा: तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, बोलणं सुसाट, पैसे उधळले, असे सलग चार-पाच दिवस कधी गेले का? ही माहिती लपली तर बायपोलरला साधं नैराश्य समजून नुसती नैराश्याची गोळी दिली जाते, आणि त्याने उन्माद भडकू शकतो.

*रक्ताचे रिपोर्ट.* गेल्या सहा महिन्यांतले टीएसएच, सीबीसी, लिव्हर-किडनीचं पॅनेल, बी-१२, ड जीवनसत्त्व, एचबीए१सी. शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ वर खास लक्ष द्या. ते कमी असल्याने येणारा थकवा आणि मंदपणा नैराश्यासारखाच दिसतो. रिपोर्ट नसतील तर फॅमिली डॉक्टरकडून आधीच करून घ्या. पहिल्या भेटीतला ‘आधी तपासण्या करा, मग बघू’ हा फेरा वाचतो.

टप्पा ५: पहिली भेट

४५ ते ६० मिनिटं असतात. ऑनलाइन असेल तर दोन गोष्टी तपासा: तुम्ही त्या क्षणी ज्या राज्यात बसला आहात तिथलं लायसन्स एनपींकडे हवं, आणि खोलीत दुसरं कोणी नको. सासू-सासरे बाहेर हॉलमध्ये असतील तर गाडीत बसून बोला, पण गाडी चालवत नको.

आधी फॉर्म येतील. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांचंच विचारतात. आज बरं वाटतंय म्हणून सगळीकडे शून्य टाकू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. तिथे खरं लिहिलं की लगेच हॉस्पिटलात टाकतील, ही भीती सार्वत्रिक आहे. ‘झोपेतच गेलो तर बरं’ असं वाटणं आणि मरण्याचा बेत आखणं यांत फरक आहे, आणि एनपी बेत, साधन, इरादा असं एकेक विचारून तो फरक करतात. लपवलं तर मात्र चुकीची मात्रा, चुकीचं औषध, आणि फॉलो-अप थेट महिन्याने.

‘टेन्शन आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय बिघडलंय ते सांगा: पहाटे तीनला जाग येते, मीटिंगमध्ये छाती धडधडते, दोन डेडलाइन हुकल्या, मुलावर ओरडलं जातं. डोकं जड, पोटात गोळा, अंग दुखतं हेही सांगा, पण तेवढंच सांगून गप्प बसलात तर गाडी पोटाच्या डॉक्टरकडे वळते.

आई-वडिलांना नेत असाल तर मराठी दुभाषा मागा, हिंदी नव्हे. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावा लागतो. मुलगा किंवा सून दुभाषी झाली की ‘तुमच्या मुलाचा राग येतो का’ या प्रश्नाला खरं उत्तर येत नाही.

निघण्यापूर्वी लिहून घ्या: सध्या धरलेलं निदान, औषधाचं नाव-मात्रा-वेळ, फरक कधी दिसायला हवा, कोणत्या त्रासाला लगेच कळवायचं, पुढची तारीख.

टप्पा ६: पहिले सहा आठवडे

नैराश्याच्या गोळ्यांपैकी सरट्रालिन साधारण २५ किंवा ५० मिलिग्रॅमने, एसिटालोप्रॅम ५ किंवा १० ने सुरू होतं. पहिल्या दोन आठवड्यांत मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता आधी येते. फायदा नंतर, चार ते सहा आठवड्यांत. नेमकं दहाव्या दिवशी लोक सोडतात. २५ वर्षांखालच्यांमध्ये सुरुवातीला आणि मात्रा बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून कॉलेजमधल्या मुलाला गोळ्या सुरू झाल्या असतील तर फोन रोज करा.

लॅमोट्रिजिन (बायपोलरसाठीचं एक औषध) दिलं असेल तर ते २५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी कळवा. सलग पाच दिवसांहून जास्त चुकलं तर जुन्या मोठ्या मात्रेवर स्वतः परत जाऊ नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू किंवा बंद करणार असाल तर आधी सांगा, त्याने लॅमोट्रिजिनची पातळी बदलते.

उपवास हा आपल्याकडचा खास अडथळा. लिथियमवर निर्जळी करू नये: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, आणि आयबुप्रोफेननेही वाढतं. (लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनीच तपासायची. सकाळी गोळी घेऊन लॅबला गेलात तर आकडा खोटा येतो.) भास-भ्रम आणि बायपोलरच्या औषधांपैकी लुरासिडोन किमान ३५० कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं, झिप्रासिडोन सुमारे ५०० च्या. एकादशीला ताटलीभर साबुदाण्याची खिचडी झाली तर लुरासिडोनचं भागेल, चहा आणि दोन खजुरांवर नाही.

रिफिल सात दिवस आधी मागा. एडीएचडीच्या शेड्यूल-२ औषधांना रिफिल नसतंच, दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. क्लोनाझेपामसारख्या शेड्यूल-४ ला सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच.

टप्पा ७: गुप्तता आणि भारतवारी

१८ पूर्ण झालेल्या मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय आई-वडिलांना मिळत नाही. पण तो २६ वर्षांपर्यंत तुमच्या इन्शुरन्सवर असेल तर भेटीचा हिशेब तुमच्या पत्त्यावर येतो. विद्यार्थ्यांनी इन्शुरन्सला कागदपत्रं वेगळ्या पत्त्यावर पाठवायला सांगावं. व्हिसाची धास्ती अनेकांना असते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजार आड येतो तो त्यातून स्वतःला किंवा इतरांना इजा होईल असं वागणं जोडलेलं असेल तेव्हा. नैराश्याची गोळी घेणं एवढ्याने नाही.

भारतात जाण्याच्या महिनाभर आधी एनपींना तारखा कळवा आणि इन्शुरन्सकडून जास्त दिवसांच्या औषधाची खास परवानगी काढा. औषध मूळ बाटलीतच न्या, सोबत पत्र. तिथून व्हिडिओवर भेट होईल असं गृहीत धरू नका. ॲडरॉल भारतातल्या दुकानात मिळत नाही आणि त्यातलं ॲम्फेटामाइन एनडीपीएस (भारताच्या अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतं, म्हणून ते नेण्याबद्दल तिकीट काढण्यापूर्वीच बोला.

टप्पा ८: सायकायट्रिस्टकडे कधी जायचं

पुरेशा मात्रेत, सहा ते आठ आठवडे नीट घेऊनही दोन वेगवेगळी नैराश्याची औषधं लागू पडली नाहीत, दर भेटीत एक नवं औषध वाढतंय पण जुनं कमी होत नाही, निदान तीनदा बदललं, किंवा ईसीटीचा (विजेच्या झटक्यांनी करायच्या उपचाराचा) विचार चालला आहे, तर दुसरं मत घ्या. भांडण नको. ‘तुमच्या सोबतच्या सायकायट्रिस्टनी एकदा माझी केस बघावी असं मला वाटतं’ एवढं म्हणणं पुरे. चांगल्या एनपी स्वतःच पत्र देतात. जी व्यक्ती यावर चिडते तिथे राहू नका.

बदल करताना नोंदी आणि रक्ताचे रिपोर्ट नव्या ठिकाणी पाठवण्याच्या संमतिपत्रावर सही करा, आणि नव्या डॉक्टरची पहिली भेट प्रत्यक्ष होईपर्यंत जुनी वेळ रद्द करू नका. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी प्रिस्क्रिप्शन मिळेल याची खात्री नसते, म्हणून निघताना एनपींकडून ३० दिवसांचं औषध जास्तीचं मागून घ्या.